चिकूला कच्चंच लागतं

"अजी, झालं का त्याचं? झालं की सांगा, मंग मी इकडं तोंड करते."

परसातल्या पेरूकडे तोंड करून, पदर नाकाला लावून माझी बायको पुष्पा विचारत होती. झालं नव्हतं. चिकू पुढच्या दोन पायांत कोंबडीची मान धरून कराकरा फोडत होता. कुत्रा केवढा, तर माझ्या टोपीत मावेल एवढा. कान वटवाघळाचे, डोळे आता बाहेर पडतील की मग असे, आणि खाणं मात्र वाघाचं. मानेतून एक पांढरी नळी लोंबत होती. ती त्यानं शेवईसारखी सुर्रकन ओढली, आणि माझा सकाळचा चहा घशाशी आला.

चिकू आमच्या मुलीचा, दामिनीचा. तिच्या नवऱ्याचं, प्रवीणचं, मूतखड्याचं ऑपरेशन नागपूरला ठरलं. कुत्र्याला ठेवायचं कुठे? तेव्हा ती त्याला आमच्याकडे घेऊन आली. आमच्याकडे म्हणजे भंडाऱ्याजवळच्या शहापूरला. जवाहरनगरच्या कारखान्यातून रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडून मी इथं दोन खोल्या बांधल्या.

आता या घराची रीत ऐका. पुष्पा महानुभाव पंथाची, लहानपणी उपदेश घेतलेली. मांस-मच्छी तर सोडाच, अंडं हा शब्दसुद्धा आमच्या घरात दबक्या आवाजात बोलायचा. दामिनीनं स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं, ते खाणाऱ्यांच्या घरात. तेव्हापासून पुष्पानं तिला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही. भांडण नाही, तंटा नाही. पोरगी यायची, समोरच्या खोलीत पाहुण्यासारखी बसायची, आईनं आणून दिलेला चहा प्यायची, कप बाहेरच्या नळावर विसळून उंबऱ्याशी ठेवायची आणि निघायची. येणं कमी होत होत दिवाळीपुरतं उरलं. कोंबडीच्या मानेची मला किळस येते हे खरं, पण त्या उंबऱ्यावरच्या कपाची त्याहून जास्त यायची. बोललो मात्र कधी नाही. घरात शांतता पाहिजे ना!

म्हणून "ठेव त्याले, पाहतो आम्ही," असं पुष्पा म्हणाली तेव्हा मी चाटच पडलो. पोरगी गेल्यावर मी कारण विचारलं. भाजी निवडता निवडता म्हणाली, "लग्नापासून तिनं पयल्यांदा काही मांगतलं मले. नाही कसं म्हणू?"

कुत्र्याच्या खाण्याचं दामिनीनं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. मान, काळीज, पंखाचा तुकडा, रोज ताजं, आणि कच्चं. या बुटक्या जातीचे दात लवकर सडतात, पोट नाजूक असतं, कच्च्यानं सगळं ठीक राहतं, असं तिनं मोबाइलवर पाहिलं होतं. आणखीही काही सांगणार होती, पण दारात आई पदर नाकाला लावून उभी दिसली आणि पोरगी ओशाळली. "कच्चंच द्या, बाबा," एवढं म्हणून ऑटोत बसली.

झालं! म्हातारपणी हा धंदा माझ्या नशिबी. फ्रीजमध्ये ते ठेवायची सोय नाही, म्हणजे रोज सकाळी डबा घेऊन नाक्यावरच्या कोंबडीच्या दुकानात उभं राहायचं. दुकानदार ओळखीचा. काकूंनी पंथ सोडला का, म्हणून गालात हसायचा. डब्यातलं ते प्रकरण घरी येईपर्यंत कोमट असायचं. लिबलिबीत, जांभळं, वरून रक्ताची साय. मी चिमट्यानं ताटलीत टाकायचो आणि श्वास धरून उभा राहायचो. खाऊन झालं की साहेब लाल मिशा घेऊन थेट माझ्या पायजम्याला तोंड पुसायचे. वर माझा हात चाटायचे. थू!

एक दिवस मी डबा परसात ठेवून हातपाय धुवायला गेलो. परत येऊन बघतो तर तीन विटांची चूल पेटलेली, तिच्यावर टाकाऊ पातेलं, आणि पुष्पा मान पलीकडे वळवून काडीनं ढवळते आहे. त्यात हळद आणि मीठसुद्धा.

"हे का करून राहिली?"

"विस्तव दाखवून राहिले. कच्चं मांस राक्षस खातेत जी. आपल्या पोरीचं लेकरूच आहे ना हे? त्याले काहून राक्षस करता?"

आयुष्यभर जिनं ज्या वस्तूकडे पाहिलं नाही, ती आज ती वस्तू शिजवत होती. खरं म्हणजे मला बरंच वाटलं. घरी काहीतरी माणसासारखं चाललंय असा वास तरी आला.

ते निवल्यावर मी चिकूला वाढलं आणि पुष्पा आंघोळ करून नामस्मरणाला बसली. चिकूनं दोन घास घेतले, आणि एकाएकी पंजानं तोंड ओरबाडायला लागला. मान ताणायचा, खोकायचा, पण बाहेर काही येईना. तोंडातून दोऱ्यासारखी लाळ लोंबू लागली, जीभ निळी पडत चालली. भंडाऱ्याला जनावरांच्या डॉक्टरपर्यंत पोचेस्तोवर हा काही टिकत नाही, हे मला दिसत होतं. मी त्याला उचललं. माझी जाड बोटं त्या डबीएवढ्या तोंडात जाईनात. हा मेला तर पोरगी या घराचं तोंड पुन्हा बघणार नाही, एवढंच डोक्यात घुमत होतं. मी पुष्पाला हाक मारली.

ती तशीच ओल्या केसांनी आली. "धरा त्याले घट्ट," म्हणाली आणि दोन बोटं सरळ त्याच्या घशात घातली. तो कचकन चावला. तिनं हात काढला नाही. लाळ, हळदीचं पाणी, चावलेलं मांस तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. मग तिनं ओढून काढलं ते सुईसारखं चिरलेलं हाड. त्याच्यामागून चिकूच्या पोटातलं होतं नव्हतं ते सगळं तिच्या धुतल्या लुगड्यावर आलं. तो वास! मी पेरूच्या बुंध्याशी जाऊन भडाभडा ओकलो. ती ओकली नाही. ती त्या घाणीत बोट फिरवून बघत होती, एखादा तुकडा आत राहिला तर नाही ना.

मग ऑटोनं भंडाऱ्याला गेलो. डॉक्टरनं चिकूला तपासलं आणि पुष्पाला आधी कुत्रा चावल्याचं इंजेक्शन घ्यायला पाठवलं. कच्चं हाड दाताखाली दबतं, शिजलेलं चिरतं, म्हणून शिजवून हाड कधी द्यायचं नाही, असं त्यानं समजावलं. आता काही दिवस नुसतं काळीज द्या, म्हणाला. दुसऱ्या दिवशी माझ्या हातातला डबा पुष्पानं घेतला आणि कच्चं काळीज चिमटून चिमटून त्याला भरवायला बसली. अंगावर शहारे येत होते, ते मला लांबून दिसत होते. एका हाताला पट्टी, दुसरा रक्तात. नाकाला पदर लावायला हात कुठे होता?

प्रवीणला घरी आणून दामिनी कुत्र्याला न्यायला आली. चिकू तिच्या अंगावर उड्या मारत होता. ती बसायच्या आतच पुष्पानं सांगून टाकलं.

"म्या शिजवून देल्लं त्याले. हाड अटकलं. मरता मरता वाचला."

आता ही कुत्रा उचलून जाते आणि कायमची जाते, असं मला वाटलं. दामिनी आईच्या बोटावरची पट्टी बघत राहिली.

"शिजवू नको असं मीच नीट सांगतलं नाही, आई. तू दारात उभी होतीस तं मले..."

पुष्पानं आपले हात नाकाशी नेले, हुंगले आणि खाली केले.

"साबणानं घासले, राखेनं घासले, वास जाऊन नाही राहिला. तूच मांड चहा."

दामिनी उठली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थबकली, मागे वळून आईकडे पाहिलं. पुष्पानं मान हलवली. पोरगी आत गेली. गॅस पेटल्याचा आवाज आला, डबे उघडल्या-झाकल्याचा आवाज आला, आणि मग तिनं आतून विचारलं,

"आई, साखर कुठं ठेवतेस?"

पुष्पानं पदर डोळ्यांना लावला. शेवटी मीच सांगितलं, "वरच्या फळीवर पाह्य, डाव्या हाताले."