अम्मच्चीची सीडी

“चरे पडलेली सीडी सारखी घालू नका, चेच्ची. सहा-सात वेळा वाचताना अडखळलं, की संगणक त्या ड्राइव्हला मठ्ठ समजून सावकाश चालवतो. मग चांगली सीडी घाला, नाहीतर सोन्याची, तो रांगतच राहणार,” असं संगणक दुरुस्तीवाल्या बिनोयने ओणमच्या आधी जिन्सीला बजावलं होतं. तिने त्याच्या हातात चहा देऊन विषय संपवला होता.

आता नक्कल सुरू करून चाळीस मिनिटं झाली होती आणि पडद्यावरची हिरवी पट्टी अकरा टक्क्यांवर होती. जिन्सीच्या सात महिन्यांच्या मुलीच्या, अन्नाच्या, हृदयाच्या तपासणीची सीडी आत फिरत होती. मूळ सीडी सोमवारी त्रिशूरच्या डॉक्टरांना हवी होती, आणि नक्कल घेऊन जिन्सीचा भाऊ जोजी दुपारच्या गाडीने वेल्लूरला निघणार होता. ती बघूनच तिथले डॉक्टर शस्त्रक्रियेची तारीख देणार होते.

सकाळी ड्राइव्ह उघडल्यावर आत सासूबाईंची, अम्मच्चींची, सीडी निघाली होती. तिच्यावर खोबरेल तेलाची बोटं, आणि कडेला चिकटलेलं तारलीचं खवलं. जिन्सीने नाक दाबून ती बाहेर काढली होती.

“अम्मच्ची, परत लावलीत?”

“पुसून लावली, मोळे, पोरी.”

“कशाने? मासे धुतलेल्या फडक्याने?”

अम्मच्चींनी कमरेच्या मुंडूला हात पुसले.

दारात बूट चढवून उभा असलेला जोजी म्हणाला, “या सीडीलाही नेतो वेल्लूरला. एका फीमध्ये हिला आणि अन्नाला, दोघींना दाखवू.”



सीडी सासऱ्यांच्या अंत्यविधीची होती. आखातातल्या नातेवाइकांसाठी सगळेच असं चित्रीकरण करून घेतात. नाकात कापूस घातलेला चेहरा, शवपेटीभोवती ओळीने उभे घरचे. जिन्सीने त्या चेहऱ्यापुढे कधी पाहिलं नव्हतं. भात जेवून रोज मढं बघत बसायचं, याचीच तिला शिसारी होती.

तिने नक्कल थांबवली. बिनोयने वहीत लिहून दिलेल्या पायऱ्या काढल्या आणि यंत्रांच्या यादीतून ड्राइव्हची जोडवाट शोधली. तिथे वेगवान डीएमएऐवजी मंद पीआयओ लिहिलेलं होतं. तिने ती जोडणीच यादीतून काढून टाकली. संगणक बंद करून पुन्हा चालू केल्यावर त्याने जुन्या चुका विसरून ड्राइव्हला नव्याने ओळखलं. चार मिनिटांत नक्कल झाली. ती घेऊन जोजी धावतच रिक्षात बसला.

जिन्सीने तेलकट सीडी दोन बोटांत धरली. पुढच्या महिन्यात अन्नाच्या आणखी सीड्या येणार होत्या. ही सीडी आता घरात ठेवायची नाही.

“मोडू नको म्हणत नाही,” अम्मच्ची म्हणाल्या. “एकदा बघते फक्त. बाविसाव्या मिनिटाला लाव.”

चित्र अडखळत पुढे सरकलं. पेटी मागे राहिली. कॅमेरा चुकून अंगणात गेला होता. फणसाखाली अम्मच्ची बसकण मारून बसल्या होत्या, आणि समोर शिबू, जिन्सीचा नवरा, शारजाहून चार दिवसांसाठी आलेला. तो त्यांना पेजेचे घास भरवत होता. त्या मान फिरवत होत्या, तो हनुवटी धरून परत वळवत होता. अकरा सेकंद. मग चित्र गोठलं, ड्राइव्ह कण्हला.

“इथेच अडतं नेहमी,” अम्मच्ची म्हणाल्या.

दर शुक्रवारी शिबूचा फोन येई. अन्नाचं वजन, अन्नाची झोप, अन्नाची औषधं. जिन्सी सगळं सांगे आणि फोन ठेवून देई. तेव्हा मागे भिंतीला टेकून अम्मच्ची उभ्या असत, हे तिला दिसत असे. दर शुक्रवारी दिसत असे. तिने एकदाही फोन त्यांच्या हाती दिला नव्हता.

तिने कोमट पाण्यात साबण घालून सीडी धुतली, कोरी सीडी शोधली आणि नकलेवर टिचकी मारली. एक टक्का. ड्राइव्ह पुन्हा मठ्ठ होईल, पुन्हा सुधारता येईल.

आज शुक्रवार आहे. तुमच्याकडे फोनपाशी कोणी भिंतीला टेकून उभं आहे का, जरा बघून या.