कोरडा सराव

शैलेंद्र आणि शिरीष पिस्तूल क्लबात एकाच रविवारी दाखल झाले. दोघंही पुण्याचे, दोघंही सिडनीत पॅरामॅटाला आयटीत, आणि दोघांनाही डॉक्टरने बजावलेलं की आता चाळिशी उलटली, काहीतरी खेळत जा. डॉक्टरच्या मनात बहुतेक बॅडमिंटन असावं.

खेळ कळायला सोपा होता. पट्ट्यातलं पिस्तूल उपसायचं, आडोशांच्या मधून पळायचं आणि वाटेत दिसतील त्या कागदी आणि लोखंडी निशाणांवर गोळ्या झाडायच्या. अशा एका फेरीला स्टेज म्हणतात. गोळ्या कुठे लागल्या त्याचे गुण, भागिले लागलेला वेळ, की झाला तुमचा स्कोअर. हे सूत्र ऐकून शैलेंद्रने छेदाकडे पाहिलं. अंश वाढवायला मेहनत लागते, छेद मात्र चांगल्या सामानाने कमी करता येतो, असं त्याचं मत झालं आणि त्याच संध्याकाळी त्याने पिस्तूल अडकवायचा नवा होल्स्टर मागवला. शिरीषचं म्हणणं उलट होतं. सामान कुठलंही चालेल, हात बसला पाहिजे. यावरून दोघांची दर रविवारी क्लबाच्या रेंजवर, म्हणजे गोळीबाराच्या मैदानावर, जाताना आणि येताना गाडीत वादावादी व्हायची. दोघंही नेम धरण्यात बेताचेच होते, त्यामुळे वाद संपायला काही कारणही नव्हतं.

मग दोन हजार एकवीसच्या जूनमध्ये कोरोनामुळे सिडनी बंद झालं. रेंजला कुलूप लागलं. शैलेंद्र वेंटवर्थव्हिलला, शिरीष तीनच स्टेशनं पुढे हॅरिस पार्कला, पण भेटायची सोय नव्हती. शैलेंद्रची बायको सुचित्रा फार्मसिस्ट. दिवसभर लोकांना लशी टोचून, मास्कचे वळ गालावर घेऊन ती घरी यायची. तिनेच सांगितलं, "सध्या कुणी कुणाकडे नको. फोनवर भांडा."

शिरीष फ्लॅटमध्ये एकटा होता. त्याची बायको नीलिमा वडिलांच्या ऑपरेशनसाठी पुण्याला गेली आणि मागे सरहद्द बंद झाली. तिची तिकिटं निघत होती आणि रद्द होत होती. तिच्याशी फोन झाला की तो थोडा वेळ खिडकीशी उभा राहायचा, मग पडदे ओढून घ्यायचा आणि तिजोरीतून पिस्तूल काढायचा.

याला कोरडा सराव म्हणतात. पिस्तूल रिकामं आहे हे दोनदा तपासायचं, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवायच्या, आणि भिंतीवरच्या कागदाच्या तुकड्यावर नेम धरून ट्रिगर दाबायचा. टिक असा आवाज होतो. गोळी सुटली असती तर पिस्तूल आपोआप पुढच्या गोळीला तयार झालं असतं. रिकाम्या पिस्तुलाची वरची स्लाइड मात्र प्रत्येक वेळी हाताने मागे खेचावी लागते, तेव्हा कुठे पुढची टिक. शिरीषने सोफा स्वयंपाकघराच्या दारात ढकलला, जमिनीवर टेपने खुणा केल्या आणि रोज सकाळी, जेवणाच्या सुट्टीत आणि संध्याकाळी टिक, खेच, टिक, खेच असं सुरू केलं. पुढे पुढे तर हात इतका पटकन चालायला लागला की खेचणं वेगळं असं जाणवेनासं झालं.

शैलेंद्रकडे पार्सलं येत होती. गोळ्या भरलेली जादा मॅगझिन ठेवायचे चुंबकाचे खिसे आले. खास पकडीचे बूट आले. दोन थरांचा पट्टा आला: आतला कमरेला, बाहेरचा त्याच्यावर वेल्क्रोने चिकटणारा, अंगाच्या मापाचा. मग पिस्तुलावर बसवायची दुर्बीण आली, जिच्यात डोळ्यासमोर लाल ठिपका दिसतो आणि तो जिथे दिसेल तिथे गोळी जाते.

"आतापर्यंत दीड सेकंद वाचला," त्याने बूट घालून पाहताना सुचित्राला सांगितलं.

"छान. त्या दीड सेकंदात भांडी लाव."

"अगं, एका स्टेजमध्ये दीड सेकंद म्हणजे काय असतं माहितीये?"

"शैलू, मी आज शंभर माणसांना टोचलंय. माझ्यासमोर दीड सेकंद हा शब्द काढू नकोस."

सरावासाठी त्याने टायमरही घेतला होता. हे छोटं यंत्र केव्हाही अचानक जोरात बीप करतं आणि त्या आवाजावर पिस्तूल उपसायचं असतं. शैलेंद्र त्याच्यावर टीव्हीचा रिमोट उपसायचा, कारण दर वेळी तिजोरी उघडायचा त्याला कंटाळा यायचा. एकदा ऑफिसच्या सकाळच्या मीटिंगमध्ये तो कॅमेरा बंद करून हाच उद्योग करत होता, पण माइक बंद करायला विसरला. बीप झाला.

"शैल, मेट," मॅनेजर म्हणाला, "तुझ्या स्मोक अलार्मची बॅटरी गेलीये."

"येस, सॉरी. आज बदलतो."

दुसऱ्या दिवशी परत बीप. तिसऱ्या दिवशी मॅनेजरने मीटिंगची सुरुवातच घरातल्या आगीपासूनच्या सुरक्षिततेवर पाच मिनिटं बोलून केली आणि टीममधल्या एकाने आपला काका इलेक्ट्रिशियन असल्याचं सांगितलं. शैलेंद्रने त्या काकांचा नंबर लिहून घेतला. दुसरं काय करणार?

"जस्ट टेल देम, बाबा," त्याची मुलगी कादंबरी ऑनलाइन शाळेतून डोकं न काढता म्हणाली. "इट्स अ लीगल हॉबी."

"रिमोटची पण?" सुचित्राने विचारलं.

संध्याकाळी दोघे मित्र व्हिडिओवर भेटायचे. शिरीष टेपच्या खुणा दाखवायचा, शैलेंद्र खोके. ऑगस्टच्या सुमारास त्यांचं बिनसलं. शैलेंद्र दुर्बिणीचा ठिपका भिंतीवरच्या घड्याळावर कसा जुळवला ते सांगत होता.

"गोळी न झाडता?" शिरीषने विचारलं.

"तत्त्व तेच असतं."

"तुला नेमबाज व्हायचं नाहीये, दुकान व्हायचंय."

"आणि तू? बंद खोलीत हवेवर गोळ्या झाडतोस. त्याही नसलेल्या."

"मी निदान काहीतरी करतोय."

"तुला दुसरं आहेच काय करायला?"

हे बोलल्यावर शैलेंद्रच्या लक्षात आलं की आपण काय बोललो. शिरीष म्हणाला, "खरंय," आणि त्याने कॉल बंद केला. पुढे बरेच दिवस ते बोलले नाहीत. सुचित्रा फार्मसीतून परतताना अधूनमधून शिरीषच्या इमारतीखाली थालीपिठाचा डबा ठेवून यायची आणि घरी येऊन सांगायची की डबा तुझ्याकडून होता असं कळवलंय. शैलेंद्र म्हणायचा, "कशाला?" आणि मग विचारायचा, "काय म्हणाला?"

ऑक्टोबरमध्ये शहर उघडलं. क्लबाचा पहिला सामना ठरला तेव्हा शैलेंद्रने शिरीषला मेसेज केला: गाडी काढतोय, येतोस? शिरीषने अंगठा पाठवला. गाडीत दोघंही हवामानावर बोलले.

रेंजवर सगळे एकमेकांना कोपर लावून भेटत होते. ग्रॅहम हा तिथला जुना रेंज ऑफिसर. स्टेजवर टायमर घेऊन तुमच्या मागे चालायचं आणि सुरक्षिततेवर नजर ठेवायची, हे त्याचं काम. त्याने शैलेंद्रकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. लाल ठिपक्याची दुर्बीण, चुंबकी खिसे, पकडीचे बूट, क्लबाच्या नावाचा नवा टीशर्ट.

"लुकिंग शार्प, मेट," तो म्हणाला.

जूनमध्ये मापाने मागवलेला पट्टा ऑक्टोबरच्या पोटावर काही केल्या नीट येईना, हे शैलेंद्रने कुणाला सांगितलं नव्हतं. दोन्ही टोकं बोटभर एकमेकांवर येत होती. त्याने श्वास आत घेतला, वेल्क्रो दाबला आणि ठरवलं की दहा-पंधरा सेकंदांचा तर प्रश्न आहे.

"आर यू रेडी?" ग्रॅहम म्हणाला. "स्टँडबाय."

बीप झाला. शैलेंद्रने पिस्तूल झकास उपसलं. पहिल्या दोन निशाणांवर ठिपका बरोबर मधोमध दिसला, आणि त्याने मनात म्हटलं, बघ शिऱ्या. मग तो पुढच्या आडोशाकडे पळाला. धावताना श्वास घ्यावाच लागतो. चर्र असा आवाज आला आणि बाहेरचा पट्टा, होल्स्टर, चुंबकी खिसे आणि सगळी मॅगझिन घेऊन, घोट्यांपर्यंत उतरला. पिस्तूल हातात होतं म्हणून बरं, ते पडलं असतं तर तिथल्या तिथे बाद झाला असता. तो तुरुतुरु पावलं टाकत आडोशापर्यंत पोचला, होत्या तेवढ्या गोळ्या झाडल्या, मग वाकून धुळीतून एक मॅगझिन उचललं. त्यात माती गेली होती. ते अडकलं. शेवटी ग्रॅहमने शांतपणे टायमर खाली केला. कागद मोजायला गेले तेव्हा सगळ्या गोळ्या निशाणांच्या डाव्या खांद्याच्या बाहेर, एकमेकींजवळ लागलेल्या. घड्याळ चार मीटरवर होतं, निशाणं पंधरावर.

"ग्रुपिंग सुंदर आहे," ग्रॅहम म्हणाला. त्याला खरंच काहीतरी चांगलं बोलायचं होतं.

मग शिरीष उभा राहिला. साधा जुना पट्टा, क्लबातल्या कुणीतरी विकलेला होल्स्टर. चेहरा शांत. शैलेंद्रला आतून कुठेतरी वाटलं की आज हा जिंकला तर आपल्याला जन्मभर ऐकावं लागेल, आणि तरीही तो जिंकावा.

बीप. शिरीषचा हात विजेसारखा गेला. धाड. आणि लगेच डाव्या हाताने त्याने स्लाइड मागे खेचली. आत आपोआप आलेली न झाडलेली गोळी चमकत बाहेर उडाली आणि धुळीत पडली. धाड, खेच. आणखी एक जिवंत गोळी मातीत. मागे उभे असलेले लोक पुढे सरकून बघायला लागले. शिरीष इतक्या वेगाने आणि इतक्या सफाईने हे करत होता की काहींना वाटलं हे नवं तंत्र असावं. निम्म्या गोळ्या निशाणावर, निम्म्या पायाशी. मॅगझिन अर्ध्यातच संपलं, त्याने सुरेख बदललं आणि पुन्हा तेच. चार मीटर पळून तो थबकला, कारण घरात तिथे सोफा होता.

सगळं संपल्यावर ग्रॅहम मातीतून गोळ्या वेचत आला आणि ओंजळ पुढे करून म्हणाला, "या तुझ्या, मेट."

शिरीषने हातातल्या गोळ्यांकडे पाहिलं. "मी हे केलं?"

"दर वेळी."

यादीत दोघं शेवटून पहिले आणि दुसरे आले. कोण कुठला यावर सुरुवातीला गोंधळ होता. ग्रॅहमने दोघांना बाजूला घेऊन सांगितलं की पुढच्या महिन्यात नवशिक्यांचा कोर्स आहे, तुम्ही त्यात बसलात तर मला बरं वाटेल. आवाज गोड होता, पण ती विनंती नव्हती.

ते गमट्रीच्या, म्हणजे आपल्या निलगिरीच्या, सावलीत सुचित्राने दिलेला डबा उघडून बसले.

"त्या दिवशी मी बोललो ते," शैलेंद्र म्हणाला.

"खरंच होतं रे. दुसरं काही नव्हतंच करायला." शिरीषने थालीपीठ मोडलं. "हातात काहीतरी चालू असलं की दिवस जायचा. जिंकायचं वगैरे नंतर सुचलं."

"मला पण. पार्सल आलं की निदान दारावर कुणीतरी यायचं."

पट्टा त्यांच्या शेजारी गवतावर पडला होता. शिरीषने तो उचलून पाहिला, वेल्क्रो दोनदा उघडून लावला आणि म्हणाला की वस्तू मात्र चांगली आहे. हे ऐकून शैलेंद्रला जे बरं वाटलं ते त्याला सामना जिंकूनही वाटलं नसतं.

नोव्हेंबरमध्ये सरहद्द उघडली आणि नीलिमाला तिकीट मिळालं. शैलेंद्र गाडी घेऊन शिरीषसोबत विमानतळावर गेला आणि मुद्दाम लांब, कॉफीच्या रांगेत उभा राहिला. ती रांग त्याने दोनदा लावली.

हॅरिस पार्कच्या फ्लॅटचं दार उघडल्यावर नीलिमा उंबरठ्यावरच थांबली. भिंतींवर कागदाचे तुकडे, जमिनीवर टेप, सोफा दारात. शिरीष भराभर सांगायला लागला की हे आवरणार होतो, पण आधी कोर्स होता, मग ऑफिसचं आलं. तिने त्याला बोलू दिलं. मग बॅग खाली ठेवून टेपच्या एका खुणेवर उभी राहिली.

"इथून तिथपर्यंत चालायचास?"

"पळायचो."

"रोज?"

"रोज."

नीलिमाने मास्क काढला आणि वाकून टेपचं टोक नखाने सोडवायला सुरुवात केली. ते निघेना. शिरीष तिच्या शेजारी बसला आणि दुसऱ्या टोकाने सोडवू लागला.

शैलेंद्र तिच्या बॅगा वर पोचवून खाली आला, तर फोनवर क्लबातल्या एका नव्या मेंबरचा मेसेज होता. त्याने विचारलं होतं, नवशिक्याने आधी सराव वाढवावा की सामान घ्यावं. शैलेंद्र गाडीत बसला, काच खाली केली आणि अगदी मनापासून विचार केला. मग त्याने लिहिलं, "सराव. पण पट्टा एक माप मोठा घे." पाठवून झाल्यावर त्याला राहवलं नाही, म्हणून खाली दोन दुकानांच्या लिंकही दिल्या.