सीनुआनच्या घराची हाळी

रविवार, १२ फेब्रुवारी २०१२, दुपारचे साडेचार. लाओसमधल्या आमच्या डोंगरी गावात सीनुआनच्या उंच खांबांवरच्या घराखाली सत्तावीस खांदे जमले होते. त्यांत माझाही एक.

सीनुआन माझ्या धाकट्या भावाची विधवा. ती आणि तिची लेक बुआ ख्रिस्ती झाल्या. त्यांनी घराची राखण करणाऱ्या घरभुताचा देव्हारा उतरवला. यंदा म्हशी मेल्या, तेव्हा खापर त्यांच्यावर फुटले. प्रार्थनेच्या गाण्यांना गावात आधीच बंदी होती. त्या सकाळी गावप्रमुख फुमीने निकाल दिला : सूर्य मावळण्याआधी देव्हारा परत लावा, नाहीतर घर वेशीबाहेर न्या. आत राहिले तर जाळू.

आमच्याकडे घर हलवताना मोडत नाहीत. खाली बांबू बांधून अख्खे उचलतात, आणि उचलायला कोणी नाही म्हणत नाही.

"वैनी, दारूचा रांजण कुटं हाय?" खांदेकऱ्यांतल्या केओने विचारले. "घोट मिळाल्याबिगर खांदा रुसतोय."

"भोपळा घालून चिकट भात केलाय. पोचल्यावर खा."

"भोपळ्यावर घर उचलायचं व्हय!"

सगळे हसले. फुमी हसला नाही. "घरभुताच्या नावानं हाळी द्या नि उचला."

"माज्या घराखाली त्याचं नाव घ्यायचं न्हाई," सीनुआन म्हणाली.

"मग ऱ्हाऊ दे हितंच. काडेपेटी खिशात हाय माज्या."

आम्ही मुक्यानेच जोर लावला. पुढचे उठले, मागचे राहिले. मधली तुळई करकरली.

"भावजी, थांबवा!" सीनुआन माझ्यापुढे आली. "हाळी मी देते." तिने उंच सुरात गाण्याची ओळ टाकली. बुआने एकटीने धरली : "प्रभू, धरून ठेव!"

"पाय तरी संगं पडत्याल," केओ पुटपुटला आणि तोही म्हणाला. मग सगळेच म्हणाले. घर उठले.

वाळल्या मातीचा धुरळा उडवत आम्ही उतारावर आलो, फुमीच्या दारासमोर.

"बंद करा ते गाणं! माज्या दारात न्हाई!" फुमी ओरडला.

आवाज थांबले, पाय चुकले. उजवा कोपरा खाली गेला, घर त्याच्या कुडाकडे कलले.

"प्रमुख, तुमच्या दारात पडलं तर तुमालाच बांधून द्यावं लागंल!" केओ ओरडला. रिवाज तसाच आहे. ज्याच्या दारात घर पडते, त्याने ते उभे करून द्यायचे.

फुमी धावला आणि कोपऱ्याखाली खांदा घातला. सीनुआनने पुन्हा ओळ टाकली. त्याची दोन पावले चुकली. तिसऱ्याला त्याचा घोगरा आवाज माझ्या कानाशी आला : "धरून ठेव!"

सूर्य डोंगराला टेकला तेव्हा घर वेशीबाहेर उभे होते. आत देव्हारा नव्हता. भोपळ्याचा भात सर्वांनी खाल्ला, फुमीने उभ्यानेच.

बंदी असलेले गाणे गावातून नेणारे गळे तीस. त्यांत ख्रिस्ती दोन.