बेचाळीस पाकिटांची टोपली

मी टोपली बोलतेय. बांबूची नाही, कागदाची. आमच्या नागपूरकडे बायका रद्दी भिजवतात, कुटतात, त्यात मेथीचं पीठ घालतात आणि उपड्या गुंडावर, म्हणजे पाण्याच्या गोल भांड्यावर, थापून वाळवतात, तसली. दिसायला मी बरी आहे. अंगाला हळदीचा रंग, काठाला गेरूची वेल. पण कुणी मला हातात घेऊन "किती छान" म्हटलं की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. का होतं, ते आज सांगूनच टाकते.

मला शामलानं बनवलं. सन चौऱ्याहत्तरची गोष्ट. तेव्हा ती एकवीस-बावीस वर्षांची, सातवी पास, पदरात दहा महिन्यांची कौसल्या. पोरगी शिंकली तरी ही हातातलं काम टाकून धावायची. नवरा देवराव. अजनीच्या पलीकडे बेचाळीस मोकळ्या प्लॉटांची एक गृहनिर्माण सोसायटी होती, तिचे ते सेक्रेटरी. सोसायटीला ऑफिस कुठलं? देवरावांच्या घराची पुढची खोली हेच ऑफिस.

माणूस मोठा टापटिपीचा. प्रत्येक फाईलला नंबर, पाठीवर चिठ्ठी, कागदांच्या मधे कडुनिंबाचा वाळका पाला. एक गठ्ठा मात्र ते सगळ्यांत जास्त जपायचे. बेचाळीस बंद पाकिटं, लाल फितीनं बांधलेली. आपण गेल्यावर प्लॉट कुणाच्या नावानं करायचा, ते प्रत्येक मेंबरनं लिहून त्यात बंद करून दिलं होतं. वारसाचा कागद. एकच प्रत, दुसरी कुठेच नाही.

"शामला, याले हात नको लावू बरं," देवराव म्हणायचे. "लोकाईचं घरातलं हाये हे. मीबी वाचलं नाही."

त्या उन्हाळ्यात सोसायटीनं लोखंडी कपाट घेतलं. जुन्या पेटीतल्या फायली काढून देवरावांनी खोलीभर मांडल्या आणि ते कामावर गेले. इकडे कौसल्येला सर्दी. छाती घरघर वाजत होती. शेजारच्या प्रयागबाई डोकावून सांगून गेल्या, "डोक्याखाली उंच कर वं, नाहीतर पोरीचा श्वास अडकन."

बस, एवढं ऐकलं आणि शामला घरभर शोधू लागली. घरात उशी एकच, तीही चपटी झालेली. समोर तो गठ्ठा होता, चांगला वीतभर उंच. तिनं तो दुपट्याखाली सरकवला. पोर दोन दिवसांनी पहिल्यांदा शांत झोपली. तासाभरानं ढास लागली आणि प्यायलेलं दूध भडाभडा ओकली.

वरची आठ-दहा पाकिटं भिजली. शाई पसरली. शामलेनं पदरानं टिपली तर जास्तच पसरली.

आता खरं सांगते. बाकीची सगळी कोरडी होती. जी भिजली तीसुद्धा उन्हात घातली असती तर डाग पडला असता, पण नावं वाचता आली असती. पण तिच्या मनात आलं, आठ-दहा पाकिटं खराब दिसली तर मला विचारतील. अख्खा गठ्ठाच नसला तर आवराआवरीत कुठेतरी गेला म्हणतील. मागच्या अंगणात टोपलीसाठी रद्दी भिजत घातलेला डबा होता. दोन दुपारी दार लावून तिनं एकेक पाकीट फोडलं, फाडलं आणि त्या डब्यात बुडवलं.

तिला आणखी एक खोड होती. अक्षर दिसलं की वाचायचं. भज्यांचा कागदसुद्धा ती वाचल्याशिवाय फेकायची नाही. फाडता फाडता ती वाचत गेली.

माझा जन्म असा झाला. उखळात मला कुटताना ती रडत होती आणि माझ्यात मेथी कालवत होती, कीड लागू नये म्हणून!

देवरावांनी घर पालथं घातलं. कपाट तीनदा रिकामं केलं. शामलाही शोधल्यासारखं करायची, खाटेखाली वाकून बघायची. मी कोपऱ्यात, पोरीची झबली-टोपडी पोटात घेऊन बसलेली.

"माह्याच हातून गेला कुठंतरी," देवराव म्हणाले. त्यांनी कमिटीला तसं लिहूनही दिलं. तिनं तेही लिहू दिलं.

चार महिन्यांनी सतरा नंबरच्या प्लॉटचे लहानू वारले. गिरणीत कामाला होते. मागे बायको भीमाबाई, मूलबाळ नाही. खापा गावाहून लहानूंचा धाकटा भाऊ चंपतराव आला आणि म्हणू लागला, "दादानं माह्या पोराचं नाव लिवलं होतं. मले सांगतलं होतं त्यानं." भीमाबाई म्हणाल्या, माझं लिहिलं होतं. आता कागद दाखवा. कागद कुठे आहे?

लोक तर लोकच. पानठेल्यावर बोलणं सुरू झालं, "सेक्रेटरीनं दाबला असन. चंपतराव खाप्याचा संत्र्यावाला हाये म्हणते, पैसा देल्ला असन." देवराव खाली मान घालून जायचे-यायचे. जेवणही कमी झालं.

भीमाबाई एक दिवस घरी आल्या. पाणी प्यायल्या. मग त्यांची नजर माझ्यावर गेली.

"तूच बनवली काय वं पोरी?" त्यांनी मला मांडीवर घेतलं. माझ्या काठावरून बोटं फिरवली. "किती गुळगुळीत. चांगला हात हाये तुहा."

माझ्या त्याच काठात कुठेतरी त्यांच्या मालकाचा निळ्या शाईचा अंगठा कुटलेला होता. मला वाटलं, आत्ता विरघळून जावं.  शामलेनं झबली खाटेवर उपडी केली आणि मला त्यांच्या हातात कोंबलं.

"तुम्हीच न्या, काकू. तुम्हीच ठेवा."

"काहून वं? पोरीचे कपडे कुठं ठेवशील?"

"न्या ना काकू. माही शपथ."

अशी मी भीमाबाईंच्या भाड्याच्या खोलीत गेले. त्या मला जपायच्या. ज्याचं घेतलं त्याच्याच घरी लाड करून घ्यायचे, याहून मोठी शिक्षा कुणाला झाली असेल?

पुढे रविवारी आमसभा लागली. देवरावांच्याच अंगणात सतरंजी टाकली होती. भीमाबाईंनी रेशनकार्ड, लहानूंचं गिरणीचं कार्ड, जे होतं ते माझ्यात घातलं आणि मला मांडीवर घेऊन बसल्या. चंपतराव समोर. अध्यक्ष आनंदराव, टोपी सारखी करत बसलेले.

"आनंदराव काका, साक्षीदार तर तुम्हीच होते," कुणीतरी म्हणालं.

"होतो ना गा. एका दिवसात बेचाळीस कागदाईवर सही केली. झाकून झाकून समोर धरत होते सारे. वाचला एकबी नाही."

लोक हसले. चंपतराव म्हणाला, "मंग काय, रक्ताच्या माणसाचं ऐका. नाहीतर सेक्रेटरीले विचारा, कोणाच्या घशात घातला कागद."

 दारात चहाचा ट्रे घेऊन शामला उभी होती.  तिनं ट्रे खाली ठेवला.

"त्याईले नका बोलू," ती म्हणाली. "कागद मी पाण्यात घातले. बेचाळीसच्या बेचाळीस. त्याची ही टोपली केली." आणि तिनं माझ्याकडे बोट दाखवलं.

सगळं अंगण माझ्याकडे बघायला लागलं. तोंड लपवायला मला जागाच नव्हती.

पोरीच्या ओकारीपासून सगळं तिनं सांगितलं. मग म्हणाली, "सतरा नंबरचं पाकीट कोरडं होतं. मी फोडून वाचलं. 'माझी बायको भीमाबाई' असं होतं. खाली अंगठा."

चंपतराव उसळला. "जिनं कागद बुडवले तिच्या बोलण्यावर प्लॉट देता काय? उद्या म्हणन नागपूरच्या राजाचं नाव होतं!"

शामला अध्यक्षांकडे वळली. "आनंदराव काका, तुमच्या कागदावर मोठ्या लेकाचं नाव खोडलं होतं. वर धाकट्या लेकीचं लिवलं होतं, रुख्मिणीचं."

आनंदरावांची टोपी हातातच राहिली. त्यांचा मोठा लेक मागेच बसला होता.

"बावीस नंबर, नत्थूजी. तुम्ही लिवलं..."

"बस बस बस!" नत्थूजी दोन्ही हात वर करून उठले. "पटलं आमाले! पुढचं नको सांगू वं बाई!"

हसू फुटलं, पण लगेच विरलं. आनंदराव हळूच म्हणाले, "खरं सांगून राहिली पोरगी. सतरा नंबर भीमाबाईच्या नावानं करा. हात वर करा बाप्पा." हात वर झाले. चंपतराव पायताण घालून निघून गेला.

त्याच दिवशी सगळ्यांनी कागद नव्यानं लिहिले, दोन-दोन प्रती. देवराव लिहून घेत होते. शामलेकडे त्यांनी पाहिलं नाही. पुढे आठवडाभर दोघांत बोलणं नव्हतं. मग एक दिवस कपाटाची किल्ली त्यांनी चुलीजवळ, तिच्या हाताशी आणून ठेवली. तिनं मात्र ती उचलून खुंटीवर टांगली.

त्या रविवारी सभा उठल्यावर शामला माझ्याजवळ आली होती. "काकू, द्या इकडे. भिजवून मोडून टाकतो हिले."

भीमाबाईंनी मला छातीशी धरलं. "नाही. माह्या मालकाचा अंगठा हाये हिच्यात. दुसरा कुठं हाये मले?" मग म्हणाल्या, "तुहा राग आला वं. लय आला. जाईन हळूहळू. आज नाही."

आता सन ब्याऐंशी उजाडलं. सतरा नंबरवर दोन खोल्या झाल्या. मी फळीवर असते. पोटात वारसाच्या नव्या कागदाची प्रत आहे, त्यावर भीमाबाईंनी बहिणीच्या मुलीचं नाव घातलंय. शामला संक्रांतीला तिळगूळ द्यायला येते, माझ्याकडे पाठ करून बसते. तिच्या मनातलं मला कळतं. मलाही तिच्याकडे बघवत नाही.

तुमच्या घरी दुसऱ्याचे कागद सांभाळायला असतील आणि काही सांडलं, भिजलं, तर बायांनो, उन्हात घाला. ज्याचे असतील त्याला हाक मारा. बोलणी खावी लागतील, खा. माझ्या अंगात बेचाळीस घरांची नावं आहेत आणि मला त्यातलं एकही वाचून दाखवता येत नाही.

भीमाबाई रोज सकाळी मला पुसतात. कोरड्या फडक्यानं. आठ वर्षांत त्यांनी मला एकदाही पाण्याचा थेंब लागू दिला नाही.