स्वस्तातली गोळी

आकडी येऊन बायको गेल्याचं दवाखान्यातून कळलं, त्याच दुपारी मी औषधवाल्याला कॉलर धरून काउंटरबाहेर ओढलं. तिच्या नैराश्यावरची नेहमीच्या कंपनीची गोळी संपली म्हणून त्यानेच स्वस्तातली जेनेरिक दिली होती. मी त्याचं तोंड काचेवर आपटलं. मेव्हण्याने लाथा घातल्या.

"सोडू नका याला, दाजी!"

रक्त थुंकत औषधवाला म्हणाला, "अहो काका, औषध तेच आहे. दिवसभर हळूहळू सुटणारी गोळी ती. फोडली तर सगळं एकदम अंगात जातं, आकडी येऊ शकते. अख्खीच दिलीत ना?"

माझा हात थांबला. ही गोळी मोठी होती, तिच्या घशात अडकायची. मी रोज कुटून पाण्यातून द्यायचो.

मेव्हणा त्याच्यावर केस करायला निघालाय. कुटण्याचं मी त्याला अजून सांगितलेलं नाही.