आवाजाकडेच वळणारा कॅमेरा

मी एक जुना कॅमेरा आहे, मित्रांनो. जुना म्हणजे चार वर्षांचा. आमच्या कुळात एवढ्या वयाच्याला पणजोबा म्हणतात. बेंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका विमा कंपनीच्या प्रशिक्षण हॉलमध्ये, मधल्या टेबलावर माझे बस्तान आहे. कारखान्यात मला एकच विद्या शिकवली: जो बोलेल त्याच्याकडे मान वळवायची आणि त्याचा चेहरा भिंतीवरच्या पडद्यावर दाखवायचा. गप्प बसणारी माणसेही असतात, हे मला कोणी सांगितलेच नाही.

मी आलो तेव्हा माझे कौतुक काय वर्णावे! नव्या पोरांचे शिक्षण काही घरून आणि काही हॉलमध्ये, असा कंपनीने घाट घातला होता. मोठे साहेब येऊन माझ्यासमोर टाळ्या वाजवत आणि मी वळलो की पोरासारखे हसत. नियम साधा होता. ठरलेले दिवस जो हॉलमध्ये बसेल त्याचीच नोकरी पक्की. घरून शिकणाऱ्यांची हजेरी लिंकवरून, हॉलमधल्यांची माझ्या चित्रणावरून.

शिकवायला विनोदकुमार सर होते, बेंगळुरूच्याच जुन्या मराठी घरातले. हॉलमध्ये जेमतेम पाच-सात डोकी आणि घरी बसलेले चाळीसभर. सरांना त्या चाळिसांचाच धाक. त्यामुळे ते सारा वेळ माझ्या डोळ्यात बघून शिकवत.

पुण्याच्या हर्षने माझी नस पहिल्याच आठवड्यात ओळखली. तो दारातूनच ओरडे, "गुड मॉर्निंग सर! आज शर्ट एकदम कडक!" मी गर्रकन वळे, त्याची हजेरी लागे. सर फळ्याकडे वळले की स्वारी खाली कँटीनमध्ये. तिथे डोसा खात तो मोबाइलवर वर्ग ऐके, म्हणजे निदान चालू ठेवी.

सिद्धी नागपूरची. पहिल्या दिवशी तिने हळूच एक शंका विचारली आणि मी इमानाने वळलो. भिंतभर तिचा चेहरा आला, नाकावरच्या पुळीसकट. कोणीतरी खुदकन हसले. दुसऱ्या दिवसापासून ती मागच्या खांबाआड बसू लागली. मारतहळ्ळीच्या तिच्या खोलीत तिघी राहत आणि टेबल एकच, म्हणून ती रोज बस बदलून हॉलमध्ये येई. शंका मात्र लॅपटॉपवर टाइप करून पाठवी, घरी बसलेल्यांसारखी.

जेवणाच्या सुट्टीत माझा डोळा बंद असे, कान नव्हे. ती फोनवर म्हणे, "आई, नोकरी पक्की झाली की मग बाबा परत ये म्हणणार नाहीत ना?"

सरांना तिच्या शंका फार आवडत. "स्वल्प थांबा हं सगळे, सिद्धीचा प्रश्न आलाय," ते माझ्याकडे बघून म्हणत. "शाब्बास! घरचं नेट बरं चालतंय ना गं?"

खांबाआडून टकटक होई आणि पडद्यावर अक्षरे उमटत, "हो सर, छान चालतंय."

आपण इथेच आहोत म्हणावे, तर सगळे पुन्हा वळून बघतील, याची तिला लाज. ती टकटक मला रोज ऐकू येई. पण टकटक म्हणजे बोलणे नव्हे. माझी मान हलली नाही.

प्रशिक्षण संपले. निकाल सांगायला पुण्याच्या कचेरीतून नोकरभरती बघणाऱ्या वीणा मॅडम पडद्यावर आल्या. हॉलमध्ये फक्त सर आणि सिद्धी.

"सिद्धी, चित्रणात तू हॉलमध्ये एकच दिवस दिसतेस."

"मॅडम, गेटवर हिचं कार्ड रोज लागलंय," सर म्हणाले.

"विनोदजी, गेटमधून आत येतात ते सगळे वर्गातच बसतात का? मी काय कालची आहे? आणि हिनंच रोज लिहिलंय, घरचं नेट छान चालतंय म्हणून."

सर तिच्याकडे वळले. "खरंच इथं होतीस? अगं मग मला सांगायचं ना! मी रोज विचारत होतो."

"सर, तुम्ही कॅमेऱ्याला विचारत होतात."

हे ती इतक्या हळू बोलली की मीही वळलो नाही. मग मात्र तिचा बांध फुटला. "मॅडम, मी रोज इथंच बसत होते! त्या खांबामागे!"

मी गर्रकन वळलो. भिंतभर सिद्धी.

"हां, आता दिसलीस!" वीणा मॅडम म्हणाल्या. "छान बोलतेस की! हेच आधी बोलायचं होतं. आता पक्क्या झालेल्यांची नावं वर गेली गं. तो हर्ष बघ, एक दिवस चुकला नाही."

सिद्धीने कंपनीचा लॅपटॉप माझ्याशेजारी ठेवला, वायर नीट गुंडाळली आणि दार न वाजवता ती निघून गेली.

मित्रांनो, माझी निगा राखा असे मी सांगणार नाही. माझी काच रोज मऊ फडक्याने पुसली जाते. मागणे दुसरेच आहे. वर्ग घरून भरवा, हॉलमध्ये भरवा, दोन्हीकडे भरवा. पण सुरू करण्याआधी एकदा उठून शेवटच्या खुर्चीपर्यंत चालत जा आणि जो गप्प आहे त्याला नावाने हाक मारा. ते काम माझ्यावर सोडू नका. मला ते येत नाही.