मेलेल्या सेलवरचा दिवा

बाबा, म्हणजे गुणाजी, रिटायर झाले तेव्हा कंपनीने त्यांना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. भाषणं संपायच्या आत घड्याळ बंद पडलं. आत वापरलेला सेल होता. कंपनी मुंबईतल्या चारकोपची, टॉर्च आणि सेल बनवणारी; नवा सेल विकायचा असतो, वाटायचा नसतो.

आईने गावची तिकिटं काढून ठेवली होती. आता कायमचं कणकवलीला, असं ठरलेलं. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा घेतल्यापासून मीही त्या घड्याळाइतकंच काम करत होतो. मग बसल्या बसल्या जुन्या सीएफएल बल्बमधून फेराइटची छोटी काळी रिंग काढली, तिच्यावर दोन वायरी जोडीने गुंडाळल्या, एक ट्रान्झिस्टर, एक रेझिस्टर. सेलमधला उरलासुरला जीव एलईडीला पुरत नाही. हे सर्किट तो साठवून साठवून जोरात ढकलतं. पेटेना. एका वायरीची टोकं उलटी जोडली होती. बदलली, आणि घड्याळातल्याच सेलवर एलईडी पेटला.

"झिला, ह्या मी साहेबांका दाखवतंय," बाबा म्हणाले. "तुझी नोकरी पक्की."

"बाबा, मेलेले सेल चालायला लागले तर त्यांचे नवे कोण घेणार?"

"तुका काय कळता धंद्यातला!"

दुसऱ्या दिवशी तीच शाल पांघरून गेले. परत आले ते सर्किटशिवाय, आणि पेढे वाटायला निघाल्यासारखे.

"साहेबांनी सगळ्यांका गोळा केल्यानी. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, 'बघा, संपला म्हणून आपण ह्यालाच टाकून देत होतो!' सोमवारपासून परत बोलवल्यानी. कॉन्ट्रॅक्टवर. अर्धो पगार."

"आणि माझं?"

"तुझा नाव घेतलंय ना मी. म्हणाले, पोरगा हुशार आहे, पण नवीन माणूस कशाला? जुन्यातच अजून बरंच निघतं."

"आणि तिकिटां?" आईने विचारलं.

"तू जावन ये."

आईने भरलेल्या बॅगेतून बाबांचे शर्ट काढून पुन्हा खुंटीला टांगले. स्वतःच्या साड्याही काढल्या.

सर्किट आता त्याच सेलसकट कंपनीच्या गेटवर लावलंय. येणाऱ्या-जाणाऱ्याने स्फूर्ती घ्यावी म्हणून.

काल बाबा गुडघ्यांना बाम चोळत सांगत होते, "सेल फुटलो रे. पाणी सुटला त्याचा."

"मग काढला?"

"काढतत कशाक? पेटता हा अजून."